अंगानं मोठ्या माणसाला ट्रॅकवाली गाडी जमते का? जमते, पण आधी गाडी तुमच्या वजनाला लावून घ्या

रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर गाडी लावली की कोणी ना कोणी येतंच अन् विचारतं, भाऊ तुम्ही एवढे उंचपुरे, ही गाडी तुम्हाला लहान नाही का होत? बहुतेक वेळा विचारणारा स्वतःच माझ्या मापाचा असतो, म्हणजे सहा फुटाच्या आसपास, नव्वद-शंभर किलो. त्याला मनातून स्पोर्ट गाडी, म्हणजे रेसच्या घाटाची मोटारसायकल घ्यायची असते पण कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तुझ्यासाठी नाही ती, तू आपली सरळ बसून आरामात चालवायची क्रूझर घे. माझी उंची ६ फूट १ इंच, वजन १०१ किलो, हेल्मेट-सूट-बूट सगळं चढवलं की १०८. तीन वर्षं झाली मी ट्रॅकसाठी बनलेली साधारण ४५ हॉर्सपॉवरची, १७५ किलोची गाडी चालवून राहिलो. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मुद्दा कुठल्या एका कंपनीचा नाहीच, या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना हेच लागू होतं. ठेल्यावर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथं नीट सांगतो.

आधी ही गाडी अशी का बनवतात ते पाहू. सीट मागून उंच, हँडल म्हणजे क्लिपऑन खाली, फुटरेस्ट वर अन् मागे. दिसायला भारी म्हणून नाही केलेलं हे. फुटरेस्ट वर असतात कारण वळणात गाडी आडवी झाली की खालचे फुटरेस्ट रस्त्याला घासतील, क्लिपऑन खाली असतात कारण रायडरचं वजन पुढच्या चाकावर पडलं तरच पुढचा टायर वळणात नीट धरतो, अन् अंग आडवं झालं की वारा कमी लागतो. तिन्ही कारणं खरीच आहेत, पण या तिन्हींची किंमत मोठ्या माणसाला जास्त मोजावी लागते. लांब पाय जास्त दुमडतात, रुंद खांद्यांना अरुंद क्लिपऑन आवळून धरल्यासारखे वाटतात, अन् उंच माणसाचं डोकं समोरच्या वारा अडवणाऱ्या काचेच्या वरच राहतं.

शोरूममध्ये सगळे पहिले सीटची उंची विचारतात. आर-१५ ची ८१५ मिलीमीटर, अपाचे आरआर ३१० ची ८१०, आरसी ३९० ची ८२४, बारामतीत बनणाऱ्या एप्रिलिया आरएस ४५७ ची ८००, अन् लिटर वर्गातल्या, म्हणजे साधारण हजार सीसीच्या झेडएक्स-१०आर ची ८३५. आकडे पाठ करून येतात लोकं. अहो, हा आकडा बुटक्या माणसाच्या कामाचा आहे, पाय जमिनीला पुरतात की नाही ते पाहायला. आपल्याला पुरतातच. आपल्या कामाचा आकडा वेगळा, सीटपासून फुटरेस्टपर्यंतचं अंतर, अन् तो ब्रोशरमध्ये सहसा सापडत नाही. त्यामुळं उंच माणसासाठी उंच सीट चांगलीच असते, कारण फुटरेस्ट तिथंच राहिले अन् सीट वर गेली तर गुडघ्याला जागा मिळते. माझ्या गाडीच्या सीटवर मी वरून साधारण दोन बोटं जाडीचा कडक फोम चढवून घेतला अन् गुडघ्यात जी कळ यायची ती अर्ध्यावर आली, एवढा साधा उपाय. मऊ फोम नका टाकू, वजनानं तो दबून पहिल्यासारखाच होतो.

दुसरं म्हणजे मांडीची लांबी. टाकीला गुडघ्यासाठी दोन्ही बाजूला खोबणी दिलेली असते, तिथं गुडघा बसला की टाकी पायांनी पकडता येते. मांडी लांब असली की गुडघा खोबणीच्या पुढे जातो अन् टाकीच्या फुगीर भागावर आदळतो. मग माणूस काय करतो, गुडघे बाहेर काढून बसतो. एकदा गुडघे बाहेर गेले की अंगाला आधार राहिला फक्त हातांचा, सगळं ओझं मनगटावर. मग तो म्हणतो स्पोर्ट गाडीनं मनगट दुखतं. मनगट गाडीनं नाही दुखत, पायांनी आपलं काम सोडलं म्हणून दुखतं. उपाय हा की मागं सरकून बसायचं, टाकी अन् तुमच्यात एक मूठभर जागा पाहिजे, अन् टाकीला रबरी ग्रिप चिकटवून घ्यायच्या म्हणजे लेदर किंवा जीन्स घसरत नाही. आणि वाकायचं कमरेतून, पाठीतून नाही. तांदळाचा कट्टा उचलताना घरची मोठी माणसं सांगतात ना, पाठ वाकवू नको, कमरेतून वाक, तस्संच. पोटाचे अन् कमरेचे स्नायू अंग धरून ठेवतात, हात फक्त हँडलवर टेकलेले. कोपर हलवून पाहा, सहज वरखाली झाले तर बरोबर बसलात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बसण्याचं सगळं जमवूनही गाडी वाईट चालू शकते, अन् मोठी माणसं हार मानतात ती इथंच.

नागपूरच्या जवळपास रेसट्रॅक नाही. मी पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायला गेलो तो चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरच्या बाजूला असलेल्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, १९९० पासूनचा ट्रॅक, ३.७१७ किलोमीटरचा, १२ वळणं. इथून अकराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी टेम्पोनं पाठवली, आम्ही तिघं ट्रेननं गेलो. सोबतचा मित्र माझ्याच मॉडेलवाला, सगळा सूट घालून ७२ किलो. पहिल्याच सेशनमध्ये मला कळलं की काहीतरी चुकतंय. वळणात शिरताना गाडी जड, हँडलला ढकलावं लागे, अन् वळणातून निघताना थ्रॉटल दिला की गाडी बाहेर बाहेर जायची, मला पाहिजे त्या रेषेवर राहायचीच नाही. हात गच्च धरल्यानं कोपरापासून मनगटापर्यंत दगड झालेले. मला वाटलं मी भित्रा आहे. तिथल्या शिकवणाऱ्या माणसानं दोन चकरा मागून पाहिलं अन् म्हणाला, तुझं अंग ठीक चाललंय, गाडी मागून बसलीय. मी तर थक्कच झालो कारण त्यानं गाडीला हातही लावला नव्हता.

मागून बसलीय म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला समजवायला एकच शब्द पुरे आहे, उलार. बंडीत मागच्या बाजूला ओझं जास्त भरलं की जू वर उचललं जातं, बैलाच्या मानेवर भारच राहत नाही, अन् मग बंडी बैलाचं ऐकत नाही. मोटारसायकलचं हुबेहूब तेच होतं. जड माणूस बसला की मागचा शॉकअप जास्त दबतो, गाडीचं मागचं अंग खाली जातं, पुढचं वर. पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा जो कल असतो तो आणखी मागे झुकतो, त्यानं गाडी सरळ जायला राजी अन् वळायला नाराज होते. पुढच्या टायरवरचं ओझं कमी होतं, म्हणून वळणातून निघताना पुढचं चाक बाहेर पळतं. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो तोही यामुळंच, वर्धा रोडवर समोरून येणारे मला सारखे डिपर मारायचे, मला वाटायचं बल्बच तेज आहे.

आणि हे का होतं? तर कारखान्यातून निघताना स्प्रिंग साधारण ७० ते ७५ किलोच्या रायडरला धरून बसवलेली असते. कंपनीचं काही चुकत नाही, एकच गाडी लाखो लोकांना विकायची तर कुठलं तरी एक वजन धरावंच लागणार. फक्त ते वजन आपलं नसतं, अन् हे विकताना कोणी सांगत नाही.

हे मोजता येतं, घरी पार्किंगमध्ये, फक्त मेझरिंग टेप अन् दोन मित्र पाहिजेत. गाडी किती दबते त्याला सॅग म्हणतात. मागच्या चाकाच्या धुरीपासून सरळ वर सीटखालच्या कव्हरवर एक खूण करायची अन् तेवढं अंतर मोजायचं. पहिलं माप, मागचं चाक हवेत, म्हणजे शॉकअप पूर्ण सुटलेला. दुसरं माप, गाडी चाकांवर उभी, कोणी बसलेलं नाही. तिसरं माप, तुम्ही पूर्ण सूट-हेल्मेट घालून, दोन्ही पाय फुटरेस्टवर घेऊन, चालवताना बसता तसे बसलेले, एक मित्र समोरून गाडी धरतो अन् दुसरा मोजतो. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीनदा दाबून सोडायची म्हणजे शॉकअप अडकून खोटं माप येत नाही. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग, पहिल्यातून दुसरं वजा केलं की नुसत्या गाडीचा, म्हणजे फ्री सॅग. स्पोर्ट गाडीला मागे रायडर सॅग ३० ते ३५ मिलीमीटरच्या आसपास असावा अन् फ्री सॅग ५ ते १५, असं ढोबळ मानाने धरतात.

माझा आला ५२. मित्राचा त्याच मॉडेलवर ३८. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला सगळी मिळून १३० मिलीमीटर वर-खाली व्हायची चाल, त्यातली ४० टक्के मी नुसता बसल्या बसल्या खाऊन टाकत होतो, मग खड्डा आला की उरलेल्या चालीत ती काय करणार.

आता इथं सगळे मेकॅनिक एकच सांगतात, प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणं, वाढवून टाक, शॉकअप कडक होईल. सी-स्पॅनर नावाचा पाना घेतला, शॉकअपची रिंग तिसऱ्या खाचेवरून सातव्यावर नेली, संपला विषय. पण प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही! हे समजायला मलाही वेळ लागला म्हणून जरा थांबून सांगतो. रद्दीवाल्याकडे तो लटकवायचा स्प्रिंगचा काटा असतो पाहा. समजा त्याची स्प्रिंग त्यानं आधीच पाच किलोइतकी ताणून अडकवून ठेवली. आता तुम्ही चार किलो रद्दी लटकवली तर काटा हलणारच नाही. पाच किलोच्या वर गेली की हलायला लागेल, अन् त्यानंतर दर किलोमागे जेवढा आधी हलायचा तेवढाच हलेल. स्प्रिंग तीच आहे ना. प्रीलोड म्हणजे एवढंच, सुरुवात कुठून होणार ते बदलतं, दर किलोला किती दबणार ते बदलत नाही.

माझ्या मापांत हे साफ दिसलं. सातव्या खाचेवर रायडर सॅग ५२ वरून ४३ झाला, नऊनं कमी, अन् फ्री सॅग ११ वरून २ झाला, तोही नऊनंच कमी. म्हणजे मी बसल्यावर गाडी आधीही ४१ मिलीमीटर दबत होती, आताही ४१ च. वरून फ्री सॅग २ राहिल्यामुळं नवी अडचण, खड्ड्यावरून किंवा उंचवट्यावरून जाताना चाक खाली यायला जागाच नाही, मागचं चाक टप्पे खातं. रायडर सॅग जास्त अन् फ्री सॅग जवळजवळ शून्य, ही जोडी दिसली की समजायचं स्प्रिंग तुमच्यासाठी नरम आहे, खाचा कितीही फिरवा. उलट रायडर सॅग बरोबर अन् फ्री सॅग खूप जास्त, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. हे उलटं वाटतं ऐकायला पण एकदा कागदावर मांडून पाहा, पटेल.

मग मी साधारण ४० टक्के कडक स्प्रिंग बसवून घेतली. रायडर सॅग ३६, फ्री सॅग ७. गाडी तीच, टायर तेच, मी तोच, पण हँडल हलकं झालं. खरं सांगतो, कळमेश्वरच्या बाजूला ज्या वळणावर मी रोज ब्रेकवर बोट ठेवून जायचो तिथं त्याच वेगात गाडी आपोआप रेषेत बसली. तीन हजार, पाच हजारांचे सायलेन्सर बदलण्यात जे पैसे जातात त्याआधी हे करा, मी हे प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

कडक स्प्रिंगसोबत एक गोष्ट लक्षात ठेवायची. कडक स्प्रिंग दबली की तेवढ्याच जोरानं उसळते, त्या उसळीला लगाम घालायचं काम रिबाउंड डॅम्पिंगचं. शॉकअपला खाली स्क्रू असेल तर एक-दोन क्लिक वाढवावं लागतं. सीट दाबून सोडली की गाडी एकदाच वर येऊन थांबली पाहिजे, परत खाली-वर झुलायला नको. स्क्रू नसेल तर स्प्रिंग फार कडक घेऊ नका, थोडी मध्यम घ्या.

पुढच्या फोर्कचं मोजमाप तर याहून सोपं, फोर्कच्या चकचकीत नळीवर एक झिप टाय सैल बांधायचा, ब्रेक मारून थांबलं की टाय कुठपर्यंत सरकला ते पाहायचं. माझा टाय पार तळाला जाऊन टेकायचा. फोर्क तळाला टेकला की त्याला दबायला जागा उरत नाही, मग रस्त्याचा प्रत्येक बारीक उंचवटा सरळ टायरवर येतो अन् ब्रेक धरलेला असताना टायर सुटू शकतो. ही आरामाची नाही, जिवाची गोष्ट आहे. इथंही कडक स्प्रिंग, अन् फोर्कमध्ये थोडं जाड तेल, जाणकार माणसाकडून करून घ्यायचं.

ब्रेकचं म्हणाल तर सरळ हिशोब आहे. १७५ ची गाडी अधिक मी १०८, झाले २८३. मित्र बसला तर २४७. त्याच वेगावरून थांबायला माझ्या ब्रेकला जवळपास १५ टक्के जास्त उष्णता गिळावी लागते. रस्त्यावर फरक कळत नाही, ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या चकरेला लिव्हर मऊ पडायला लागला की कळतो. ब्रेकचं तेल दरवर्षी बदला, जुन्या तेलात ओल शिरलेली असते अन् ते लवकर उकळतं. शिवाय उंच माणसाचं छातीचं ओझं उंचावर असतं, जोरात ब्रेक मारला की मागचं चाक लवकर उचलतं, म्हणून ब्रेक मारायच्या आधी बूड मागे अन् छाती खाली. अन् ब्रेकची खूण मित्रापेक्षा दहा-पंधरा मीटर आधीची धरायची, त्यात काही कमीपणा नाही.

सरळ रस्त्यावर आपण मागे पडतो हे मान्य. दर किलोमागची ताकद माझी मित्रापेक्षा साधारण १३ टक्के कमी, वरून माझं अंग वाऱ्याला मोठं. वाऱ्याचं थोडं सावरता येतं, उंच फुगीर काच मिळते तिला डबल बबल म्हणतात, ती लावल्यावर हेल्मेटवरचा थरकाप बराच कमी झाला. बाकी सोडून द्यायचं.

पण वळणात गोष्ट उलटते, अन् हे कोणी सांगत नाही म्हणून मला आवर्जून सांगायचंय. वळणात रायडर अंग आत काढतो कारण गाडी अन् माणूस मिळून जो समतोल आहे तो आत सरकतो, मग त्याच वेगाला गाडी कमी आडवी करून चालतं. आता पाहा, एकूण वजनात माझा वाटा ३८ टक्के, मित्राचा २९. दोघांनी अंग दहा सेंटीमीटर आत काढलं तर माझ्यामुळं एकूण समतोल ३.८ सेंटीमीटर सरकतो, त्याच्यामुळं २.९. म्हणजे त्याला जेवढं लटकावं लागतं तेवढं मला लागत नाही, थोडक्यात भागतं. तुमचं वजन गाडीच्या हिशोबात मोठं आहे, ते नीट वापरलं तर कामाचं आहे. फक्त हीच गोष्ट उलटीही लागते, जड माणसानं वळणाच्या मधोमध अंग हलवलं, हँडलला लटकला, तर गाडीला धक्काही तेवढाच मोठा बसतो. म्हणून बूड ब्रेकच्या आधीच सरकवायचं, अर्धं बाहेर, बाहेरचा गुडघा टाकीत रुतवायचा, अन् मग वळण संपेपर्यंत शांत. डावं-उजवं लागोपाठ वळण असलं की आपण हळू पडतो कारण एवढं अंग इकडून तिकडे न्यायला वेळ लागतो, तिथं पायांनी फुटरेस्टवर जोर देऊन सरकायचं, हातांनी ओढून नाही. लांब एकसलग वळणात मात्र आपण कोणाला ऐकत नाही.

मोठ्या रेसमध्येही हा प्रश्न आहेच. मोटोजीपी म्हणजे मोटारसायकलची सगळ्यात वरची जागतिक रेस, तिथला डॅनी पेड्रोसा ५० किलोच्या आसपासचा, गाडी सुटताना बाणासारखी सुटायची पण टायरवर पुरेसं ओझं न पडल्यानं ते तापवणं त्याला अवघड जायचं हे त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं. दुसरीकडे इटलीचा रेसर मार्को सिमोन्चेली १८३ सेंटीमीटर उंच, अन् २००८ साली २५० सीसीचा विश्वविजेता झाला, तेवढ्याशा गाडीवर! डॅनिलो पेत्रुची मोटोजीपीत अंगानं मोठ्यांपैकी, त्यानं २०१९ ला इटलीतल्या मुजेलोची रेस जिंकली. त्याखालच्या छोट्या गाड्यांच्या मोटो-थ्रीमध्ये माणूस अन् गाडी मिळून किमान १५२ किलो भरायलाच लागतात, अन् बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या वर्ल्ड सुपरबाइक रेसमध्ये २०२४ साली फार हलक्या रायडरच्या गाडीवर जास्तीचं वजन लावायचा नियम आला. वजनाचा फरक पडतो हे नियम बनवणाऱ्यांनीच मान्य केलंय, तेव्हा आपण तो मान्य करायला लाजायचं कशाला.

पायाचंही सांगतो, मला ११ नंबरचा बूट लागतो. वळणात गाडी आडवी झाली की आधी बुटाची टोच घासते, एकदा घासली अन् पाय फुटरेस्टवरून उडाला, थोडक्यात वाचलो. तळव्याचा पुढचा फुगीर भाग फुटरेस्टवर ठेवायचा, टाच आत, अन् गिअरचा लिव्हर बुटाच्या मापानं वर-खाली करून घ्यायचा, साधी जोडणी असते ती.

आता रोजच्या वापराचं. ही गाडी सीताबर्डीच्या गर्दीत त्रास देते अन् हायवेवर देत नाही, याचं कारण वारा. शंभरच्या आसपास वेगाला समोरचा वारा छातीला उचलून धरतो, मनगटावरचं ओझं तो घेतो. सिग्नल टू सिग्नल वीसच्या वेगात वारा नाही, मग सगळा भार हातावर. शोरूममधून दोन किलोमीटरची टेस्ट राइड घेऊन लोकं ठरवून टाकतात की नाही जमणार, ते अर्धंच खरं आहे. समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, तेव्हा आपल्याला काटोल रोड, रामटेककडचा जबलपूर हायवे हेच. पण गुडघा टेकवायचे प्रकार तिथं करू नका, समोरून ट्रॅक्टर येतो, रस्त्यावर संत्र्याच्या गाडीतून सांडलेला पाला असतो. सरावाला रिकामं मैदान घ्या अन् हळू वेगात इंग्रजी आठचा आकडा काढा, अंग सरकवायची सवय तिथंच लागते.

हवेचं प्रेशर मॅन्युअलमध्ये दिलंय तेच ठेवा, अन् सकाळी गाडी थंड असताना तपासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी उन्हात उभ्या गाडीचं प्रेशर जास्तच दाखवणार, ते पाहून हवा काढली की संध्याकाळी टायर मऊ. ट्रॅकवर हवा कमी करतात ते खरं, पण हलक्या मित्रानं जेवढी केली तेवढी आपण करायची नाही, आपल्या वजनानं टायर जास्त चेपतो अन् जास्त तापतो. चेनचंही तसंच, स्टँडवर बरोबर वाटणारी चेन जड माणूस बसला की घट्ट होते कारण मागचं चाक वर सरकताना अंतर वाढतं. तुम्ही गाडीवर बसा अन् दुसऱ्याला चेनचा ढिलेपणा पाहायला सांगा. ताणलेली चेन बेअरिंग खाते.

घ्यायला जाल तेव्हा घरूनच हेल्मेट, जॅकेट, रायडिंगचे बूट घालून जा. स्टँडवर गाडी उभी करायला लावा, त्यावर वीस मिनिटं बसा, लाज धरू नका, एवढे पैसे मोजतोय आपण. छाती टाकीला टेकवून पाहा, मान वर करून समोर दिसतं का, गुडघा खोबणीत बसतो का, पूर्ण हँडल वळवल्यावर अंगठा टाकीत अडकतो का, आरशात कोपराशिवाय काही दिसतं का. अन् मॅन्युअलमध्ये गाडी एकूण किती भार घेते तो आकडा पाहा, तुमचं सूटसकट वजन त्यातून वजा करा, मागे कोणी बसायचं की नाही ते तिथंच कळतं. मागच्या शॉकअपची दुसरी स्प्रिंग मिळते का हे हमखास विचारा. मिळत नसेल तर मी ती गाडी घेणार नाही, कितीही आवडली तरी.

आमच्या मनीष नगरच्या सोसायटीत एक दादा आहेत, सूट घालून ११८ किलो, गेल्या महिन्यात गाडी घेतली अन् आठच दिवसांत विकायला निघाले, म्हणे वळतच नाही. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांना हेल्मेट-जॅकेट घालून बसवलं, वहिनींनी समोरून हँडल धरलं, मी टेप लावला. ५७ आला. दादांनी दोनदा मोजायला लावलं, दुसऱ्यांदाही ५७ च. स्प्रिंगची ऑर्डर टाकलीय, विकायची जाहिरात तूर्त काढून टाकलीय, अन् स्प्रिंग आली की त्याच खुणेवर परत मोजायचं ठरलंय. कव्हरवरची मार्करची खूण पुसू नका म्हणून त्यांना दोनदा सांगून आलो.